चौऱ्याण्णवची बाटली

अल्मान्झांच्या वाइनबरोबर काहीही खायचं नसतं. ही वाइन म्हणजे स्वतःच एक पूर्ण जेवण, तिला कुणाच्या सोबतीची गरज नाही, असं काल्चेदोनिओ अल्मान्झा यांच्या आजोबांनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्या वडिलांनी ते पाळलं, आणि काल्चेदोनिओ स्वतः गेली साठ वर्षं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आले होते. ऐकवताना बहुधा त्यांच्या तोंडात घास असे.

आता शहाऐंशीव्या वर्षी, कवळी बसवल्यापासून, बडीशेपेची कडक बिस्किटं वाइनमध्ये बुडवल्याशिवाय त्यांना चावतच नसत. हे ते कोठाराच्या दाराआड उभं राहून करत आणि नंतर मिशा पुसत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणी बोलायची नाही, ही अल्मान्झांची दुसरी परंपरा. ती पहिलीपेक्षा पुष्कळच काटेकोरपणे पाळली जाई.

अकरा नोव्हेंबरला, संत मार्तिनोच्या दिवशी, त्यांची सून इत्रिया सकाळी सहापासून स्वयंपाकघरात उभी होती. एरवी हा दिवस नव्या वाइनची पहिली चव घेण्याचा. यंदा मात्र तिच्या लेकीचा, नेल्लाचा, साखरपुडाही त्याच दिवशी धरला होता. मुलगा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्कादूतोंचा. अल्मान्झांच्या मते पश्चिम किनाऱ्यावर केपर, म्हणजे खारवून खायच्या त्या हिरव्या कळ्या, बरे होतात, द्राक्षाचं मात्र तिथल्या लोकांनी मनावर घेऊ नये. स्कादूतोंचं अल्मान्झांबद्दलचं मत साधारण असंच होतं, फक्त त्यात केपरचीही सवलत नव्हती.

साखरपुड्याची रीत जुनी. घरात मूल जन्मलं की त्या वर्षीच्या वाइनच्या बारा बाटल्या मेणाने बंद करून ठेवायच्या आणि मुलाच्या साखरपुड्याला उघडायच्या. ज्याने वाइन केली त्यानेच ओतायची, दुसऱ्याने बाटलीला हात लावायचा नाही. नेल्ला चौऱ्याण्णव सालची. चौऱ्याण्णवची वाइन बेटावर गाजली, त्यामुळे बारापैकी अकरा बाटल्या पंचवीस वर्षांत बिशप, हाडांचे डॉक्टर आणि निरनिराळे शोकप्रसंग यांच्या वाट्याला गेल्या. उरली होती एक.

त्यात मागच्या रविवारी मामंजींनी, म्हणजे काल्चेदोनिओंनी, जाहीर केलं होतं की हात थरथरतो, या वर्षीपासून कोठाराची किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यायची, आणि कुणाकडे ते साखरपुड्याच्या जेवणानंतर सांगेन. किल्ली म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. द्राक्ष कधी तोडायचं, किती दिवस उन्हात पसरायचं, मनुका रसात कधी सोडायच्या, हे ज्याच्याकडे किल्ली तो ठरवणार आणि बाकीचे मुकाट्याने ऐकणार.

मामंजींचा मुलगा ब्याजो या शर्यतीत नव्हता. फसफसणाऱ्या रसाच्या वासाने त्याला शिंका येत. तो विमानतळावरच्या आगीच्या बंबावर नोकरीला होता. तो लागल्यापासून तिथं एकदाही आग लागली नव्हती, आणि याचं श्रेय तो नम्रपणे स्वीकारत असे. उरल्या दोघी. त्याची थोरली बहीण फिलिप्पा, आणि त्याची बायको इत्रिया.

दहाच्या सुमारास फिलिप्पा ताट घेऊन आत आली. ताटात तिची ख्याती होती. तळलेल्या फुलासारख्या दोन कुरकुरीत चकत्या, मध्ये रिकोटा चीजचं गोड सारण, वर पिठीसाखर.

"हे झाकू नकोस गं, मऊ पडतात," ती म्हणाली. "आणि तुझी ती बिस्किटं काढणार असशील तर जरा उशिरा काढ. व्याह्यांचे दात निदान साखरपुडा होईपर्यंत तरी राहू देत."

"काढते उशिरा, वन्सं."

"बाबा आज किल्लीचं बोलणार आहेत."

"म्हणाले खरे."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?"

"तेही खरंच." फिलिप्पाने रव्याच्या कुसकुसमधला माशाचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला, मीठ बघायला म्हणून. "तू राबतेस, कोण नाही म्हणतंय? सत्तावीस वर्षं राबते आहेस. पण राबणं वेगळं आणि जाण वेगळी. चौऱ्याण्णवसारखी वाइन रक्तात असावी लागते. हॉस्पिटलात पडल्या पडल्या बाबांनी फोनवरून सांगून ती करवून घेतली. असं नाक दुसऱ्या कुणाचं असेल का, तूच सांग."

इत्रियाने कुसकुस जरा जास्तच जोरात ढवळला. "नाही, वन्सं," ती म्हणाली.

चौऱ्याण्णव साली ऑगस्टच्या मध्यावर मामंजी केपर खुडताना बांधावरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. बोटीने त्यांना समुद्रापलीकडे त्रापानीला नेलं, सोबतीला ब्याजो गेला, आणि दोघं दोन महिने तिकडेच राहिले. फिलिप्पा तेव्हा खाली बंदरावर सासरी. ती त्या दोन महिन्यांत एकदा वर आली, केक ठेवला, कोठारात डोकावून "वास काही बरा नाही" म्हणाली आणि निघून गेली. उरली इत्रिया. त्रापानीहून लग्न होऊन आलेली, दोन वर्षांची नवखी, कडेवर पाच महिन्यांची नेल्ला, आणि अंगणात काळ्या दगडांवर पसरलेली मस्कत द्राक्षं. रोज एकेक घड उलटायचा, संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं झाकायचं. झाकायची ताडपत्री वाऱ्याने फाटली तेव्हा तिने लग्नातल्या चादरी काढल्या. त्यातल्या दोन चादरींवर आजही तपकिरी डाग आहेत.

फोनचं मात्र खरं होतं. मामंजींचा फोन आला होता, एकदा. कोपऱ्यावरच्या दुकानात निरोप आला म्हणून ती नेल्लाला घेऊन धावत गेली. मामंजींनी विचारलं, "सेनेटरला पाणी पाजलं का?" सेनेटर म्हणजे गाढव. ती म्हणाली, पाजलं. त्यांनी फोन ठेवला.

परत आल्यावर मामंजींनी पिंपातली वाइन चाखली आणि म्हणाले, "ठीक." पुढच्या वसंतात बिशप आले आणि त्यांनी काल्चेदोनिओंना मिठी मारली. तेव्हापासून ती काल्चेदोनिओंची चौऱ्याण्णवची. इत्रिया कधी बोलली नाही. आधी नवी होती म्हणून, नंतर उशीर झाला होता म्हणून.

पाहुणे साडेबाराला आले. लिबोरिओ स्कादूतो आवाजाने आधी आणि शरीराने नंतर आत शिरले. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा मोठा खोका होता. मागून त्यांचा मुलगा एलिओ, इस्त्रीच्या शर्टात, नेल्लाला शोधत.

"काका!" लिबोरिओंनी मामंजींचे दोन्ही गाल ओले केले. "वर येईपर्यंत ढग लागले. आमच्याकडे ऊन आहे. आमच्याकडे ऊन दोन तास जास्त असतं."

"हो, त्याचा परिणाम दिसतो," मामंजी म्हणाले.

जेवण छान झालं. कुसकुस दोनदा वाढला गेला. बटाटा, टोमॅटो आणि केपरच्या कोशिंबिरीत केपर कुणाचे, यावर थोडी चर्चा झाली. ते स्कादूतोंचेच निघाले, आणि मामंजींनी उरलेले केपर ताटाच्या कडेला सारले. मग टेबल पुसलं गेलं, नवी वाइन बाजूला राहिली, आणि मामंजी स्वतः जाऊन चौऱ्याण्णवची घेऊन आले. किल्ली त्यांनी बाटलीशेजारी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

मेण फुटलं. बूच निघालं. त्यांचा हात थरथरत होता पण थेंब सांडला नाही. लहान लहान ग्लासांत मधासारखी गडद वाइन उतरली. इत्रिया तेव्हा कॉफीचं भांडं चढवायला आत गेली होती.

"आजोबा, आईचा ग्लास?" नेल्ला म्हणाली.

"येऊ दे तिला. आली की ओततो."

लिबोरिओंनी घोट घेतला आणि अर्धं मिनिट गप्प राहिले. एलिओने बापाकडे काळजीने पाहिलं. बापाला असं गप्प त्याने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"जर्दाळू," लिबोरिओ अखेर म्हणाले. "अंजीर. आणि मागे काहीतरी समुद्रासारखं. काका, टोपी काढली." मग त्यांनी खोका उघडला. आत दीड किलोचं निळ्या बुरशीचं चीज होतं. त्याच्या वासाने खिडकीतली मांजर उठून गेली. "आता हिला हिचा नवरा देऊ."

"आमच्या वाइनला नवरा लागत नाही," मामंजी म्हणाले.

"एकदा चाखा तर खरं. ही गोड, हे खारट. दोघांचं भांडण तोंडात होऊ द्या. जरा ओता अजून."

मामंजींनी नाइलाजाने ओतली, कारण दुसऱ्याने ओतायची नव्हती. सगळ्यांनी चीज खाल्लं. ब्याजोने डोळे मिटले. मामंजींनी चेहरा दगडासारखा ठेवला, पण दुसरा तुकडा घेतला.

"छे!" फिलिप्पा म्हणाली. "जिभेवर खारट बसल्यावर कसली वाइन कळणार, लिबोरिओभाऊ? हिला पाहिजे रिकोटा. तळलेलं, हलकं, जेमतेम गोड. हे घ्या. बाबा, ओता हो, कोरड्या तोंडाने कसं कळणार?"

मामंजींनी पुन्हा ओतली. चकत्या कुरकुरल्या, पिठीसाखर लिबोरिओंच्या कोटावर पडली.

"चांगलं आहे," ते म्हणाले, "पण गोडावर गोड म्हणजे एका घरात दोन सासवा. एलिओ, तू सांग. चीज का हे?"

एलिओने चीजकडे पाहिलं, मग फिलिप्पाकडे. "दोन्ही," तो म्हणाला, आणि एका शब्दात त्याने दोन्ही बाजूंना नाराज केलं.

"परत घेऊन बघू," लिबोरिओ म्हणाले. "आधी चीज, मग हे, मग नुसतीच." हा प्रयोगही झाला.

शेवटचा घोट त्यांनी नुसताच घेतला, जिभेवर फिरवला, आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"काका, एक विचारू? त्या वर्षी मनुका किती वेळा सोडल्या होत्या रसात?"

"तीनदा. आमच्याकडे तीनदाच सोडतात. माझे आजोबाही तीनदाच सोडायचे."

"तीनदा सोडून हा दाटपणा येत नाही."

"तुमच्याकडे येत नसेल."

"काका, मीही चाळीस वर्षं हेच करतोय. तीनदा सोडून अशी वाइन होत नाही. कुठेच नाही. मग काय घातलंत?"

टेबलावरची माणसं चमचे धरून थांबली. "घातलंत" या शब्दाला त्या बेटावर एकच अर्थ होता.

"म्हणजे?" मामंजींचा आवाज खाली गेला.

"म्हणजे साखर. आता ऐकायचंच असेल तर."

ब्याजो उभा राहिला. नोकरीत इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच आग दिसत होती आणि काय करायचं ते सुचत नव्हतं. "लिबोरिओभाऊ, शब्द मागे घ्या."

"मी मागे घेईन. काकांनी सांगावं कशी केली. माझा मुलगा या घरात येणार. ज्या घरात पिंपात साखर पडते तिथं मी पोरगा देत नाही. त्याला आमच्याकडे मुली कमी नाहीत."

"बाबा!" एलिओ ओरडला. नेल्लाने त्याचा हात धरला तो टेबलाच्या वरून, सगळ्यांदेखत.

"तीनदा," मामंजी म्हणाले. त्यांची मान लाल झाली होती. "तीनदा म्हणजे तीनदा."

बिस्किटांचं ताट घेऊन इत्रिया दारात उभी होती. तिला एकदम दोन गोष्टी दिसल्या. ती गप्प राहिली तर लेकीचं लग्न आणि घराचं नाव दोन्ही जाणार. बोलली तर मामंजींची पंचवीस वर्षं जाणार, आणि किल्लीही. कारण तीनाच्या जागी चार करणाऱ्या बाईच्या हातात कोठार कोण देईल?

"चार वेळा," ती म्हणाली.

सगळे वळले.

"काय म्हणालीस?" फिलिप्पाने विचारलं.

"मनुका चार वेळा सोडल्या. चुकून." इत्रियाने ताट टेबलावर ठेवलं. "एकेक टोपली सोडली की मी पिंपावर कोळशाने एक रेघ ओढायची. नेल्लाचा कान दुखत होता, पाच दिवस ती खांद्यावरून उतरत नव्हती. तिला घेऊनच मी पिंपापाशी जायचे. एका सकाळी बघते तर पिंपावर दोन रेघा आणि पोरीचे हात आणि तोंड काळं. दोनच होत्या का तिसरी हिने पुसली, मला काही आठवेना. कमी पडण्यापेक्षा जास्त बरी, म्हणून अजून एक टोपली सोडली. नंतर कोठार झाडताना चार रिकाम्या टोपल्या सापडल्या. चौथी नाताळसाठी ठेवली होती."

"म्हणजे माझी वाइन मीच बिघडवली?" नेल्ला म्हणाली.

"बिघडवली कुठे?" इत्रिया म्हणाली. "प्यायलीस ना आत्ता?"

लिबोरिओंनी टेबलावर हात आपटला. "चार! मी म्हणत होतो ना! तीनदात होतच नाही! चार वेळा, वा!" माणूस बरोबर ठरला की त्याचा राग किती लवकर जातो, ते सगळ्यांना दिसलं. मग त्यांच्या भुवया पुन्हा जवळ आल्या. "पण थांबा. ही म्हणते मी सोडल्या. फोनवरून काकांनी सांगितलं होतं ना? आख्ख्या बेटाला माहीत आहे."

फिलिप्पा बापाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून सकाळचा चौऱ्याण्णवचा अभिमान हळूहळू उतरत होता. क्षणभर इत्रियाला वाटलं, आता ही म्हणणार, बघा, परक्या बाईने चुकीचं केलं. पण फिलिप्पा आधी अल्मान्झा होती आणि मग बाकी सगळं.

"कुणी सांगितलं काय आणि नाही काय," ती लिबोरिओंना म्हणाली. "आमच्या भावजयीने केली. एकटीने, कडेवर पोर घेऊन. तुमच्या घरात एवढं धाडस आहे कुणाचं? तुमच्याकडे चौथी टोपली चुकून पडली असती तर तुम्ही आख्खं पिंप समुद्रात ओतलं असतं."

"ओतलं असतं," लिबोरिओंनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

मामंजींनी बिस्किटांच्या ताटातलं एक उचललं, सगळ्यांसमोर आपल्या ग्लासातल्या तळाशी उरलेल्या वाइनमध्ये बुडवलं, चांगलं मऊ होऊ दिलं, आणि खाल्लं. साठ वर्षांचा नियम कवळीखाली चावला जात होता.

"त्या नाताळात घरात मनुका नव्हत्या," ते म्हणाले. "मी विचारलं होतं मनुका कुठे. ही म्हणाली उंदरांनी खाल्ल्या. आमच्या कोठारात कधीच उंदीर नव्हता. मला तेव्हाच कळलं."

"तेव्हाच?" ब्याजो म्हणाला. "आणि तुम्ही..."

"कळलं आणि वाइन पुन्हा चाखली. मला तशी कधी जमली नव्हती. मग बिशप आले." त्यांनी मिशा पुसल्या, या वेळी लपवायला काही नव्हतं तरी. "फोनवर मी फक्त गाढवाचं विचारलं होतं."

त्यांनी किल्ली उचलली, मग बाटली, आणि दोन्ही टेबलावरून इत्रियासमोर सरकवली.

"ज्याने केली त्याने ओतायची," ते म्हणाले. "चुकून केली, म्हणून दुसऱ्याची होत नाही. पंचवीस वर्षं मी तुझी ओतत होतो. सूनबाई, बस. आधी स्वतःला घे. तू तर अजून चाखलीच नाहीस."

इत्रिया बसली. तिला खरंच आठवलं की या वाइनचा घोट तिने पिंपातून घेतला होता, त्यानंतर कधीच नाही. बाटली उघडली जाई तेव्हा ती नेहमी आत असे. तिने किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली. ती जड होती, आणि खिसा खाली ओढला गेला, आणि तिने तो तसाच ओढू दिला. लिबोरिओंनी आपला ग्लास पुढे केला, फिलिप्पाने केला, ब्याजोने शिंक दाबून केला, एलिओ आणि नेल्लाने एकाच वेळी केला.

"थांबा," लिबोरिओ म्हणाले, "आधी ती." आणि उभे राहिले. स्कादूतोंपैकी कुणी अल्मान्झांसाठी उभं राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

इत्रियाने पाठ ताठ केली, बाटली दोन्ही हातांनी धरली आणि आपल्या ग्लासावर तिरकी केली. मग अजून तिरकी. मग उलटी. तोंडाशी एक थेंब जमला, बराच वेळ लोंबकळला आणि पडला. त्याच्यामागून थोडा गाळ आला. तिने एक बिस्किट घेतलं, ग्लासाच्या तळाशी नीट फिरवलं आणि खाल्लं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"झालीय बरी," ती म्हणाली.

बाटली अर्ध्या लिटरची होती.